मुका एकटा वाजवू लागला

मुक्याने गायकाचा जबडा मोडला तो दुपारी चारच्या सुमाराला, स्टेडियमच्या पोटातल्या एका मेकअपच्या खोलीत. बाहेर मैदानात खुर्च्या मांडून झाल्या होत्या, दिवे टांगून झाले होते आणि बायका-माणसं उन्हात सकाळपासून रांगेत उभी होती.

मी तिथे नव्हते. हे मला त्याने फार उशिरा सांगितलं. नंतर त्याच्या ताईने कोर्टात शपथेवर सांगितलं, त्यामुळे आता मी सांगितलं तर बिघडणार नाही.

मुका म्हणजे त्या संध्याकाळी तिथे वाजवणाऱ्या बँडचा गिटारवाला. बोलता येत होतं त्याला, चांगलं येत होतं. पण बावीस वर्षांत एका मुलाखतीत त्याने तोंड उघडलं नव्हतं, म्हणून चाहत्यांनीच हे नाव ठेवलं. बोलायचं काम गायकाचं. गायक त्याचा मेहुणा, थोरल्या बहिणीचा नवरा. दोघांनी मिळून बँड काढला, दोघं मिळून नावारूपाला आले, आणि त्या गडबडीत ताई आणि गायक यांचं लग्न झालं. घरातलाच मामला.

तर त्या दुपारी साउंड चेकला गायक येईना, म्हणून मुका बोलवायला गेला. दार लोटलं. ताई बेसिनवर वाकून उभी होती. नळ चालू होता, आणि भांड्यात फिरणारं पाणी गुलाबी दिसत होतं. गायक आरशासमोर बसून टिश्यूने बोटातली अंगठी पुसत होता.

"आलोच," गायक म्हणाला. "पाच मिनिटं दे."

मुका म्हणतो, त्या आवाजाने माझं डोकं फिरलं. रक्ताने नाही, त्या "पाच मिनिटं दे"ने. त्याच्या हातात गिटारचं, पायाने दाबायचं पेडल होतं, लोखंडी, विटेएवढं. तेच त्याने घातलं. पहिल्या घावाला जबडा गेला. गायक खुर्चीवरून खाली पडला, तेव्हा त्याच्यावर बसून आणखी दोन घातले. शेवटी ताई त्याच्या पाठीला लोंबकळली.

"सोड! मरेल रे तो!"

बाहेरच्या बोळात, फाटक्या ओठाने, तिने त्याच्याकडून वचन घेतलं. "तुला माझी शपथ आहे. लोकांना काय वाटेल ते सांग, पण हे नको. पोरीच्या कानावर जाता कामा नये." पोर तेव्हा नऊ वर्षांची. मुक्याने मान हलवली. मग ताई नवऱ्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये बसून निघून गेली आणि मुका मागच्या फाटकातून पायी घरी आला.

गायकाचा जबडा अकरा आठवडे तारांनी बांधलेला होता. सगळे कार्यक्रम रद्द झाले. तोंड उघडता येईना तरी त्याने एक पत्रक काढलं: माझ्या मेहुण्याला माझं यश सहन झालं नाही, मी त्याला माफ केलं आहे, तक्रार करणार नाही. तक्रार का करत नव्हता ते तिघांनाच ठाऊक होतं. जगाला तो देवमाणूस वाटला. आणि मुका झाला जबडातोड्या.

आठ महिन्यांनी त्याने मला फोन केला, स्वतःचा बँड काढतोय म्हणून. मी हॉटेलांच्या लाउंजमध्ये बेस गिटार वाजवायचे. लोक जेवत असताना त्यांना ऐकू येऊ नये इतपत. त्याने मला कधीतरी ऐकलं होतं म्हणे. ड्रमवर एक निवृत्त अग्निशामक घेतला होता. आम्ही त्याला बंब म्हणायचो. नोकरीनेही बंब आणि अंगानेही. टायरच्या एका रिकाम्या गोदामात आमची तालीम चालायची. तिथल्या रबराचा वास माझ्या केसांतून आठवडाभर जायचा नाही.

मुक्याला गाता येत नव्हतं. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज, तरी गायचा तोच. पण गिटार! मोठ्या बँडमध्ये तो गायकाच्या मागे मागे वाजवायचा, दर दोन ओळींच्या मधली जागा भरायची एवढंच काम. आता सगळी जागाच त्याची होती, आणि तो ती भरत नव्हता. एक सूर लावायचा आणि सोडून द्यायचा, तो विझेपर्यंत थांबायचा. बंब म्हणाला, "ह्याच्याबरोबर वाजवताना आपण काही तोडत नाही ना, अशी भीती वाटते."

पहिला कार्यक्रम सहाशे माणसांच्या हॉलमध्ये झाला. निम्मी माणसं जुन्या बँडचे शर्ट घालून आलेली.

"जबडा! जबडा! जबडा!"

दुसऱ्या गाण्याला पहिली बाटली आली आणि बंबाच्या झांजेवर फुटली. तिसऱ्या गाण्याला अर्धी भरलेली एक माझ्या खांद्याला लागली. माझा हात बोटांपर्यंत बधिर झाला. मुक्याने माझ्याकडे पाहिलं. गिटार गळ्यातून काढली, नीट स्टँडवर ठेवली, आणि तो खाली उडी मारून गेला. ज्याने फेकली त्याची कॉलर धरली आणि कपाळाने त्याचं नाक फोडलं. तो आवाज मला माईकशिवाय वर ऐकू आला. मग दुसरा अंगावर आला, त्यालाही. वर आला तेव्हा त्याच्या मुठीवरची सालं निघाली होती. गिटार गळ्यात घालून त्याने पुढचं गाणं सुरू केलं, आणि ते गाणं आम्ही तालमीत कधीच वाजवलं नव्हतं इतकं सुंदर वाजलं.

दुसऱ्या दिवशी ती मारामारी सगळ्यांच्या फोनवर होती. पुढच्या कार्यक्रमाला जागा उरली नाही. त्याच्या पुढच्या चारांनाही नाही.

"लोक गाणी ऐकायला येत नाहीयेत," मी एजंटला म्हटलं.

"येतायत ना?" तो म्हणाला. "कशाला येता, असं दारावर विचारायचं नसतं."

हॉलवाल्यांनी स्टेजपुढे तारेची जाळी बसवायची अट घातली. एजंटने ती आनंदाने मान्य केली, आणि जाळी बनवून घेताना तिला डाव्या बाजूला एक दार ठेवायला सांगितलं. माणूस वाकून जाईल एवढं, आतून कडी. जाळी बाटल्या अडवायला होती. मग दार कशाला, हे आम्ही तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. चौथ्या-पाचव्या गाण्याला कोणीतरी थुंकायचं किंवा काहीतरी फेकायचं, मुका कडी काढायचा, आणि हॉलमध्ये असा जल्लोष व्हायचा जसा त्याच्या एकाही सुराला झाला नाही.

कार्यक्रमाआधी तो दोन्ही हात बर्फाच्या बादलीत घालून बसायचा. सांधे सुजून बटाट्यासारखे झाले होते.

"ह्या हातांनी वाजवायचं का मारायचं, ते एकदा ठरव," मी म्हटलं.

"मारल्यावर चांगलं वाजतं," तो म्हणाला.

ते खरं होतं. आणि खरं सांगायचं तर नुसतं त्याचंच नाही. एका संध्याकाळी गर्दी शांत होती, तीन गाणी झाली तरी कोणी काही फेकलं नव्हतं, आणि माझ्या मनात आलं, अरे, फेका की कोणीतरी! हा विचार माझाच होता. तो मी कोणाला सांगितला नाही, पण बेस वाजवताना माझी बोटं घामाने ओली झाली.

असं चौदा महिने चाललं.

मग तो कार्यक्रम आला. मुक्याने नुकतंच एक संथ गाणं बसवलं होतं, बिनशब्दांचं. त्याला नावही दिलं नव्हतं. ते सुरू असताना जाळीजवळ एक चष्मेवाला माणूस हात वर करून उभा राहिला. हातात काहीतरी चकाकत होतं. मुक्याने ते पाहिलं. माझा अर्धा सूर वाजायच्या आत तो दारातून बाहेर होता. एकच ठोसा, चष्म्याच्या मधोमध.

तो माणूस किंचाळला नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले, पण चेहऱ्याला लावले नाहीत. शेजारची बाई त्याची बायको होती. ती ओरडत होती, "फोन होता हो तो! तुमचं गाणं घेत होता! तुमच्याच गाण्यासाठी आलो होतो आम्ही!" तिचा आवाज कोणाला ऐकू जाणार? मागची सहाशे माणसं आनंदाने नाचत होती. ती जमिनीवर चाचपडत काचेचे तुकडे गोळा करत होती, जणू ते परत बसवता येतील, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मुका तिथेच उभा राहिला. त्याने मूठ उघडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं इस्पितळात गेलो. तो माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. डोळा काढावा लागला होता. त्याचं अर्धं डोकं पट्ट्यांत होतं, आणि बायको पलंगाच्या कडेला पाठ ताठ करून बसली होती.

"माझी चूक झाली," मुका म्हणाला.

"चूक म्हणू नका," बाई म्हणाली. "चुकून माणसाचा धक्का लागतो. तुम्ही कडी काढून, दार उघडून आलात."

तो माणूस छताकडे बघत बोलला. "माझं काम शाफ्टमध्ये वाकून खाली बघायचं. एका डोळ्याने खोली कळत नाही. पाय कुठे टाकायचा ते कळत नाही." त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. "आता जा तुम्ही."

आम्ही गेलो. जिन्यात मुक्याला उलटी झाली.

दोन दिवसांनी ताई त्याच्या घरी आली. मी तिथे होते, चहा करत होते. तिने गॉगल काढला तेव्हा डाव्या डोळ्याखाली जुनं, पिवळं पडत आलेलं काळंनिळं दिसलं. तेव्हाच मला सगळं समजलं. म्हणजे दोघांनी मिळून, तुटक तुटक, एकमेकांकडे न बघता सांगितलं.

"व्हिडिओ पाहिला मी," ताई म्हणाली. "सगळे पाहिले. एकामागून एक."

मुक्याने सुजलेले हात टेबलाखाली घेतले.

"मारायच्या आधी तू मान जराशी वाकडी करतोस. माहितीय तुला? तोही करतो. अगदी अशीच. मला ती मान दिसली की मी हात वर घेते. परवा तुझा व्हिडिओ बघताना मी हात वर घेतले."

"ताई, मी जे केलं ते तुझ्यासाठी—"

"माझ्यासाठी एकदा. बाकीचे सगळे कोणासाठी?"

चहा ओतून ठेवला होता. कोणी घेतला नाही.

मुक्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. वकील म्हणत होता, आत्मसंरक्षण म्हणू, हातात हत्यार दिसलं म्हणू. मुका नाही म्हणाला. त्याला पाच महिने झाले. तुरुंगात एकाने त्याला ओळखलं आणि जुन्या बँडच्या प्रेमापोटी त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. मी भेटायला गेले तेव्हा श्वास घेताना तो एका बाजूला झुकत होता.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"डोकं झाकलं," तो म्हणाला. "कठीण असतं गं. मारण्यापेक्षा पुष्कळ कठीण."

सुटून आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते जाळीचं दार वेल्डिंग करून बंद केलं. एजंट दुसऱ्या दिवशीच सोडून गेला. मग जाळी बंबाने काढूनच टाकली. म्हणाला, दार नसेल तर हिच्यामुळे आपण पिंजऱ्यातली माकडं दिसतो.

लोक पहिल्या काही कार्यक्रमांना आले. त्यांना वाटलं, आता नवीन काहीतरी असेल. बाटल्या आल्या. "उतर खाली! उतर!" मुका उतरला नाही. एक बाटली त्याच्या कपाळाला लागली, भुवईवर चीर पडून रक्त डोळ्यात गेलं, गिटारवर ठिबकलं. तो वाजवत राहिला. तारा चिकट झाल्या तेव्हा शर्टाने पुसून वाजवत राहिला. बंबाने दोन वेळा काठ्या खाली ठेवून उठायचा प्रयत्न केला. मुक्याने मागे न बघता मान हलवून त्याला बसवलं. "पळपुट्या! भेकड!" असं ओरडत लोक निघून जाऊ लागले. शेवटी हॉलमध्ये साठेक माणसं राहिली. ती पुढे सरकून बसली. पुढच्या गावी चाळीस, त्याच्या पुढच्या गावी पुन्हा साठ. एकट्या मुक्याची गाणी ऐकायला आलेली माणसं खरी एवढीच होती, आणि ती पहिल्यापासून गर्दीत दबलेली होती.

त्या वसंतात एका दुपारी आम्ही एका हॉलच्या मागच्या बाजूला सामान उतरवत होतो. ताई आली. सोबत मुलगी, आता बारा वर्षांची, आणि एकच बॅग. ताईचा एक हात गळ्यात बांधलेला होता.

"मामा," मुलगी म्हणाली, "मला सगळं माहितीय. मला आधीपासूनच माहीत होतं."

ताईने तिच्याकडे असं पाहिलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

मुक्याने दोघींना आत बसवलं. अर्धा तासही झाला नसेल, गायकाची गाडी आली. तो एकटाच होता. आपल्या आवाजावर त्याचा फार विश्वास असायचा. मुक्याने लोखंडी दार ओढून घेतलं आणि हातभर फट ठेवून तिथे उभा राहिला. डावा हात चौकटीवर.

"माझी बायको बाहेर पाठव," गायक म्हणाला.

"ती येणार नाही, भाऊजी."

"हात काढ."

"नाही."

गायकाने दाराची मूठ धरली आणि दार हातावर आपटलं. मुका गुरासारखा ओरडला. बोटं चौकट आणि लोखंडाच्या मधे होती. गायकाने दार थोडं मागे घेतलं, खाली बोटांकडे पाहिलं, आणि पुन्हा आपटलं. हाड मोडल्याचा आवाज आला. मुक्याच्या उजव्या हाताशी माईकचा जाड लोखंडी स्टँड होता, फटीतून गायकाचं डोकं दिसत होतं, आणि मी शपथेवर सांगते, मुक्याने त्या स्टँडकडे पाहिलं. हात तिकडे गेलाही. मग त्याने तोच हात दाराच्या कडेला लावून जोर दिला आणि ओरडला, "ताई, पोलिसांना फोन कर! तू कर!"

ताई आतून दाराशी, मुक्याच्या मागे आली. फोन कानाला होता, आणि ती नवऱ्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करून बोलली. "माझा नवरा मला एकोणीस वर्षं मारतोय. काल हात मोडला. आत्ता माझ्या भावाची बोटं दारात चिरडतोय. हो, तोच गायक. पत्ता लिहून घ्या."

तिसऱ्यांदा आपटायला त्याने दार मागे घेतलं, तेवढ्यात बंब बाजूच्या बोळातून धावत आला आणि त्याने गायकाला मिठी मारून खाली पाडलं. मग तो त्याच्या छातीवर बसला. मारलं नाही, नुसता बसला. गायक श्वासासाठी धडपडत शिव्या देत होता आणि बंब त्याला समजावत होता, "हळू श्वास घ्या. धुरात असंच करतात. हळू."

पोलीस यायला वीस मिनिटं लागली. तोपर्यंत मुका भिंतीला टेकून बसला होता आणि भाची त्याचा हात टॉवेलात धरून होती. टॉवेल आधी पांढरा होता.

करंगळी काढावी लागली. तिच्या शेजारचं बोट राहिलं, पण वाकत नाही. गिटारवाल्याचा डावा हात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाजवणं विसरा. मुक्याने मान डोलावली, आणि टाके निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी टायरच्या गोदामात येऊन बसला. दोन बोटांनी. सव्वा वर्ष गेलं. ते सव्वा वर्ष मी कोणाला सांगत नाही. त्याने भिंतीला डोकं आपटून घेतलं, एक गिटार जमिनीवर आपटून तिचे तुकडे केले, मग ते तुकडे स्वतः झाडून काढले. माझ्यावर ओरडायचा, मग बाहेर जाऊन उभा राहायचा. आत यायचा. पुन्हा सुरुवात.

ताईने कोर्टात सगळं सांगितलं. गायक आत गेला. त्याचे काही चाहते मुक्याची माफी मागायला आले. काहींनी ताईच्या घराच्या काचा फोडल्या, म्हणाले, बाई खोटं बोलते. ती आणि मुलगी दोन वेळा घर बदलून आता जिथे आहेत ते मी लिहिणार नाही.

मुक्याने लिफ्टवाल्याला पत्र लिहिलं. ते न उघडता परत आलं. वर्षाने त्याने दुसरं लिहिलं, तेही परत आलं. तिसरं त्याने लिहिलं नाही. मला कळलं ते असं की तो माणूस आता त्याच कंपनीत टेबलावर बसून लोकांच्या तक्रारी लिहून घेतो. लिफ्ट अडकली की फोन त्याला जातो.

गेल्या महिन्यात आमची नवी गाणी निघाली. सगळी संथ आहेत. दोन बोटांनी घाई होत नाही. एका समीक्षकाने लिहिलं की कलाकाराने जाणीवपूर्वक संयम स्वीकारला आहे. ते वाचून मुका इतका हसला की बंबाला वाटलं रडतोय. परवाच्या कार्यक्रमाला एकशेदहा माणसं होती. तिसऱ्या रांगेतून कोणीतरी "जबडा!" असं ओरडलं, एकदाच. मुक्याने वाजवणं थांबवलं, त्या दिशेने बघत उभा राहिला. हॉलमध्ये कोणी हललं नाही.

"त्याबद्दल नंतर बोलू," मुका माईकमध्ये म्हणाला. "मी इथेच आहे, बाहेर पायऱ्यांवर भेटा."

कार्यक्रम संपल्यावर तो खरोखर पायऱ्यांवर जाऊन बसला. तो माणूस आला नाही. दुसरी तीन-चार माणसं आली, त्यांच्याशी तो बराच वेळ बोलत बसला, आणि मी आणि बंबाने सामान गाडीत भरलं.